सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी: ते आपल्या कॉम्प्युटरवर चालेल का, हे कसं तपासायचं

नागपुरात बर्डीवर किंवा धरमपेठेत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात विचारा, "हे सॉफ्टवेअर माझ्याकडे चालेल का?" उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: "चालते ना भाऊ, सगळ्यावर चालते." दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्या काउंटरवरच्या मशीनवर ते चालत असतं आणि कालच्या गिऱ्हाइकाकडेही चाललेलं असतं. पण तुमच्याकडे कुठली विंडोज आहे, तिला कोणता प्रिंटर जोडलाय, हे त्याला ठाऊक नाही. आणि तुम्हाला आपलं मशीन माहीत असलं तरी त्या सॉफ्टवेअरला काय काय लागतं ते माहीत नाही. ही दोन्ही माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहायची, एवढंच काम आहे. मात्र ते पैसे देण्याआधी करायला हवं, कारण लायसन्सचा कोड (की) एकदा उघडला की परत घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही.

इतवारीतल्या दुकानाचं बिलिंग पहिल्यांदा कॉम्प्युटरवर नेणारे, पोरगी इंजिनिअरिंगला लागली म्हणून लॅपटॉप पाहणारे आईबाबा, घरी टॅलीचा सराव करू पाहणारे बी.कॉम.चे विद्यार्थी, अशांना समोर ठेवून हे लिहितो आहे. एक कागद आणि पेन घ्या. स्क्रीनचे फोटो काढून ठेवलेत तर आणखी चांगलं, दुकानात दाखवता येतात.

आधी आपलं मशीन लिहून काढा

कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. खालच्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडेल. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. विंडोज १० आहे की ११, आणि तिचं व्हर्जन व बिल्ड कोणतं, हे समोर येईल. विंडोज १० वर '२२एच२, बिल्ड १९०४५' असं दिसलं तर ती विंडोज १० ची शेवटची आवृत्ती आहे. त्याहून जुनं दिसलं तर सॉफ्टवेअरचा विचार नंतर करा, आधी अपडेट करून घ्या.

मग सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा आणि अगदी तळाशी असलेलं 'अबाउट' दाबा. तिथून प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम, सिस्टिम टाइप आणि एडिशन उतरवून घ्या. सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे तेही लिहा.

एडिशनसमोर आपल्याकडच्या लॅपटॉपवर बरेचदा 'होम सिंगल लँग्वेज' असं असतं. त्याने मराठी टायपिंग अडत नाही, मराठी कीबोर्ड त्यातही जोडता येतो. पण सॉफ्टवेअरच्या कंपनीने 'प्रो' मागितलं असेल तर होमवर भागणार नाही. एडिशनच्या शेवटी 'एस मोड' लिहिलेलं असेल, तर त्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच अ‍ॅप बसतात. दुकानातून आणलेली सीडी, पेन ड्राइव्ह किंवा डाउनलोड केलेलं बिलिंग सॉफ्टवेअर बसत नाही. एस मोडमधून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडलं की परत जाता येत नाही.

आता 'सिस्टिम टाइप'. लोक ही ओळ वाचतच नाहीत, आणि बहुतेक फसगत इथेच होते. या ओळीचे दोन भाग असतात. पहिला विंडोजचा, दुसरा प्रोसेसरचा.

'६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं असेल तर काळजी नाही. आजचं बहुतेक सॉफ्टवेअर याच जोडीसाठी लिहिलेलं असतं, आणि ३२-बिटचं जुनं सॉफ्टवेअरही यावर सहसा चालतं.

'३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' हे सेकंडहँड मशीनवर किंवा दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर अजूनही सापडतं. म्हणजे प्रोसेसर ६४-बिटचा आहे, पण कुणीतरी कधीतरी त्यावर ३२-बिटची विंडोज टाकली. यावर ६४-बिटचं सॉफ्टवेअर बसणारच नाही. वर ८ जीबी रॅम लावली तरी ही विंडोज ४ जीबीपलीकडची वापरणार नाही. अशा मशीनसाठी सॉफ्टवेअर घ्यायला निघाला असाल तर आधी डेटाचा बॅकअप घेऊन ६४-बिटची विंडोज नव्याने टाकून घ्यावी लागेल. वरच्यावर अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉलेशनच करावं लागतं. मात्र एडिशन तेच ठेवलं तर विंडोजचं तुमचं जुनंच लायसन्स चालतं. दुरुस्तीवाला नव्या लायसन्सचे पैसे मागत असेल तर कशासाठी, ते जरूर विचारा.

तिसरा प्रकार 'एआरएम-बेस्ड प्रोसेसर', म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळ्या घडणीचा. २०२४ पासून असे, स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे, विंडोज लॅपटॉप दुकानांत दिसतात. बॅटरी दिवसभर टिकते, वजनाला हलके असतात, आणि नेहमीची बरीच सॉफ्टवेअर विंडोज त्यांच्यावर आतल्या आत जुळवून चालवून घेते. अडतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे जोडलेलं यंत्र विंडोजला ओळखू देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपाशी. प्रिंटर, डोंगल (सॉफ्टवेअरचं लायसन्स ज्यात असतं तो यूएसबीचा तुकडा), डिजिटल सिग्नेचरचं टोकन (ऑनलाइन सही ज्यात असते ते यूएसबी) यांचे ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेले असावे लागतात, तिथे जुळवाजुळव चालत नाही. लिहिणं-वाचणं, इंटरनेट, ऑफिस यांसाठी हा लॅपटॉप उत्तम आहे. पण व्यापाऱ्याने किंवा कंत्राटदाराने आपल्या यंत्रांचे ड्रायव्हर आहेत याची खात्री केल्याशिवाय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅक असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या अ‍ॅपलच्या खुणेवर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' पाहा. मॅकओएसचं नाव आणि चिप इंटेलची आहे की एम१, एम२ वगैरे, हे दोन्ही लिहा. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर ३२-बिटचं कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. आणि २०२५ मध्ये आलेलं टाहो हे इंटेलच्या मॅकसाठी शेवटचं मॅकओएस आहे, त्यामुळे जुन्या इंटेल मॅकसाठी महागडं सॉफ्टवेअर घेताना दहादा विचार करा.

विंडोज १० वर आहात?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर त्याने बंद पडत नाही, आजचं सॉफ्टवेअरही चालतं. प्रश्न पुढचा आहे. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ साठी नवी आवृत्ती देणं थांबवलं. क्रोमच्या १०९ व्या आवृत्तीवर गाडी अडकली ती अडकलीच. एकेक कंपनी अशीच सावकाश हात काढून घेते. म्हणून वर्षाच्या वर्गणीवर मिळणारं सॉफ्टवेअर विंडोज १० साठी घेताना, पुढच्या वर्षीची आवृत्ती याच मशीनवर मिळेल का, हे कंपनीला विचारून घ्या.

विंडोज ११ वर जायचं तर प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप. पिढी प्रोसेसरच्या नावातच असते: आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप टाकलं तर काय कमी पडतंय ते तेच सांगतं. विंडोज ११ ला ३२-बिटची आवृत्तीच नाही.

मग कंपनीच्या मागण्या वाचा

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स' नावाचं पान असतं. विक्रेत्याच्या जाहिरातीतलं किंवा शॉपिंग साइटवरचं वर्णन वाचून थांबू नका, मूळ कंपनीचंच पान उघडा. तुम्ही घेणार आहात त्याच आवृत्तीचं पान आहे ना, हेही बघा. डब्यातल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण फळीवरचा डबा दोन-तीन वर्षं जुना असू शकतो.

तिथे 'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड' असे दोन रकाने असतात. मिनिमममध्ये सॉफ्टवेअर उघडतं. काम करायचं तर रेकमेंडेड धरूनच चाला. मिनिममला ४ जीबी लिहिलंय आणि तुमच्याकडे ४ च जीबी आहे, तर क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप आणि अँटीव्हायरस उघडे असताना त्या सॉफ्टवेअरला काय उरणार?

'विंडोज ७ ऑर लेटर' ही ओळ नीट तपासा. 'लेटर'मध्ये ८, १०, ११ सगळं आलं असं आपण धरतो. पण ती ओळ २०१५ साली लिहिलेली असेल तर तेव्हा विंडोज ११ नव्हतीच. तिच्यावर ते चालेल अशी हमी कंपनीने दिलेलीच नाही, ती आपण गृहीत धरलेली असते. तुमच्या विंडोजचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तरच जुळलं असं समजा. नसेल तर कंपनीला मेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

यादीच्या शेवटी बारीक अक्षरांत आणखी मागण्या असतात. डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ ही त्यातली नेहमीची. ते विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासून चालू नसतं, 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन खूण करून चालू करावं लागतं. काम दोन मिनिटांचं आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. कुठे 'इंटरनेट एक्स्प्लोरर' मागितलं असेल तर ते १५ जून २०२२ ला निवृत्त झालं. एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' आहे, त्यात ते पोर्टल उघडतं का ते आधी करून बघा.

इतवारी-गांधीबागेत वर्षानुवर्षं चाललेल्या दुकानांतली एक वेगळी अडचण सांगतो. कुणा ओळखीच्या प्रोग्रॅमरने खूप पूर्वी, विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये, फॉक्सप्रोवर करून दिलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर हाताला इतकं बसलेलं असतं की तेच नव्या मशीनवर टाकून हवं असतं. ६४-बिटच्या विंडोजवर ते उघडत नाही. 'धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युअर पीसी' असा निरोप येतो. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला 'कम्पॅटिबिलिटी' मोड लावायचा सल्ला लोक देतात. विंडोज एक्सपी किंवा ७ च्या काळातल्या काही सॉफ्टवेअरला त्याचा उपयोग होतो, डॉसच्या १६-बिट प्रोग्रॅमला होत नाही. अशा वेळी जुनं मशीन चालू आहे तोवरच त्यातला माल आणि खातेवहीची यादी एक्सेलमध्ये काढून घ्या, आणि नवं सॉफ्टवेअर ती यादी आत घेतं का, हे खरेदीच्या आधी पाहा.

जोडलेली यंत्रं: प्रिंटर, काटा, टोकन, डोंगल

सॉफ्टवेअर विंडोजवर चाललं तरी काम अडतं ते इथे. कळमन्यातल्या अडतीच्या दुकानाचंच बघा. इलेक्ट्रॉनिक काट्यावरून वजन थेट बिलात यावं अशी इच्छा असते. काट्याला जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट, नव्या लॅपटॉपला तो नाही. मग मध्ये यूएसबीची केबल लावतात. या केबलमध्ये एक छोटी चिप असते आणि तिला ड्रायव्हर लागतो. प्रोलिफिक कंपनीची जुनी चिप किंवा तिची नक्कल असेल, तर विंडोज ११ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर' अशी ओळ येते. बिलिंग सॉफ्टवेअर चांगलं, काटा चांगला, लॅपटॉप नवा, आणि वजन मात्र येत नाही. दोष केबलचा असतो. नव्या चिपची केबल घेतली की काम होतं, पण हे कळेपर्यंत सॉफ्टवेअरवाला आणि काटेवाला एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

म्हणून जे जे यंत्र जोडणार, त्याच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या विंडोजचा, तुमच्याच बिटचा ड्रायव्हर आहे का ते बघा. बिलाच्या थर्मल प्रिंटरसाठी हे कराच. डॉट मॅट्रिक्स असेल तर नक्की करा. बारकोड स्कॅनरचं सहसा अडत नाही, कारण साधा यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डसारखाच वाटतो.

ई-टेंडर भरणाऱ्यांनी आणि डिजिटल सिग्नेचर वापरणाऱ्यांनी टोकनचा ड्रायव्हर तपासल्याशिवाय लॅपटॉप बदलू नये. टेंडरच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखलं गेलं नाही तर धावपळ करायलाही वेळ उरत नाही. जुनं लायसन्स डोंगलवर असेल, तर त्या डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हे कंपनीला विचारा.

करून बघितल्याशिवाय पैसे नाही

शक्य असेल तिथे ट्रायल घ्या, आणि ती दुकानातल्या मशीनवर नको, आपल्याच मशीनवर. टॅलीप्राइम 'एज्युकेशनल मोड'मध्ये लायसन्सशिवाय उघडतं. त्यात महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण तुमच्या विंडोजवर ते बसतं का, प्रिंट नीट निघते का, हे कळायला तेवढं पुष्कळ आहे. टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, मॅक घेणाऱ्या बी.कॉम.च्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

ट्रायलमध्ये खोटी नावं घालून 'ए बी सी ट्रेडर्स'चं बिल काढू नका. आपला खरा माल घाला, खऱ्या गिऱ्हाइकाचं नाव घाला, आणि बिल कागदावर काढा. मराठीत बिल, पावती किंवा पत्र लागणार असेल तर 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'वाङ्मय', 'ॲड.', 'श्री' हे शब्द टाइप करून छापून बघा. स्क्रीनवर बरोबर दिसणारी जोडाक्षरं कागदावर फुटतात, ऱ्याचा आडवा फराटा गायब होतो, चौकोन उमटतात. सॉफ्टवेअरला युनिकोड (सगळीकडे एकसारखी चालणारी अक्षरपद्धती) मराठी नीट जमत नाही, याचा तो पुरावा.

मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर घेण्याआधी विंडोजमध्ये काय आहे ते बघा. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणारा फोनेटिक कीबोर्डही मोफत आला. साध्या पत्रव्यवहाराला एवढं पुरतं. महालातल्या किंवा इतवारीतल्या छापखान्याचं काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधल्या फाइली येत राहतात, त्यामुळे छापखान्यात कोणतं चालतं ते विचारूनच घ्यावं.

इंजिनिअरिंगचा लॅपटॉप

इथे क्रम उलटा करा. आधी सॉफ्टवेअरची यादी, मग लॅपटॉप. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत घाईने लॅपटॉप घेतला जातो आणि नंतर वर्गात कळतं की काय लागणार आहे. कॉलेजच्या सीनियरला किंवा लॅबमधल्या सरांना विचारा: पहिल्या दोन वर्षांत कोणती सॉफ्टवेअर लागतात? रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स ही विंडोजवरचीच. ऑटोकॅड मॅकवर येतं, पण विंडोजवरच्या ऑटोकॅडमधल्या सगळ्या सोयी त्यात नाहीत. सिव्हिल, मेकॅनिकलच्या मुलांसाठी म्हणून मी विंडोजचा, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचाच लॅपटॉप सुचवतो. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना पडताळणीनंतर शिक्षणापुरती मोफत मिळतात, त्यासाठी कुणाकडून पैसे देऊन की घेऊ नका. क्रोमबुकवर विंडोजची डॉट ईएक्सई फाइल चालत नाही, स्वस्त पडतं म्हणून ते घेऊ नका.

दुकानात काय बोलायचं

कागद पुढे ठेवा आणि विचारा, "भाऊ, हे माझं मशीन. विंडोज ११ होम, ६४-बिट, ८ जीबी. हा प्रिंटर आहे. यावर चाललं नाही तर परत घ्याल का? घ्याल तर बिलावर तसं लिहून द्या." चांगला दुकानदार कागद वाचतो, एखादा फोन लावतो, आणि अडचण असेल तर स्वतःहून सांगतो. लिहून द्यायला कां-कूं करत असेल तर निदान तुमच्याच मशीनवर आधी बसवून दाखवा म्हणा, पैसे मग. बिल पक्कंच घ्या. त्यावर सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, किती कॉम्प्युटरसाठी आणि किती मुदतीसाठी, हे सगळं असायला हवं.

जुळत नसेल तर

रॅम कमी असेल तर ती वाढवणं सगळ्यात सोपं, फक्त लॅपटॉपची रॅम मदरबोर्डवर जडवलेली नाही ना ते पाहा. विंडोज जुनी असेल आणि मशीन ११ ला चालणारं असेल, तर आधी विंडोज बदला, आठवडाभर वापरा, मग सॉफ्टवेअर घ्या. त्याच कंपनीची ब्राउझरवर चालणारी आवृत्ती असेल तर विंडोजचा प्रश्न बराचसा सुटतो, पण दुकानातलं इंटरनेट गेलं तर बिल कसं काढणार, ते आधी ठरवा. पत्रं आणि तक्त्यांपुरतं काम असेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे, तेही आपल्या विंडोजसाठी कोणतं चालतं ते पाहूनच उतरवा. क्रॅक केलेली आवृत्ती मात्र घेऊ नका. तिच्यासोबत काय येतं ते कळत नाही, आणि त्याच कॉम्प्युटरवर तुमची बँक आणि जीएसटी असतो.

सगळं जुळवून घेतलंत, तर त्याच दिवशी बसवा. डबा कपाटात ठेवून दिवाळीनंतर उघडू नका, परत करायची मुदत निघून जाते. अडलं तर स्क्रीनवरच्या निरोपाचा फोटो काढा, कंपनीला आणि दुकानदाराला मेल करा, आणि लिहून दिलेलं असूनही कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. बिल, मशीनचे फोटो आणि कंपनीचं उत्तर तेव्हा हाताशी असू द्या.